रोजचं राजकीय व्यंगचित्र: विचाराला किती वेळ, हाताला किती?

रेघोटी

नमस्कार मंडळी. सध्या उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे दैनिकात राजकीय व्यंगचित्रकार म्हणून काम करायचं आहे. हात बरा चालतो. पण एका चित्राला सहा तास लागतात, त्यातले पाच तास रेखाटन आणि शेडिंगमध्ये जातात, आणि एवढं करून न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर) ते काळंठिक्कर पडतं. मग रोज एक चित्र देणारी माणसं हे वर्षानुवर्षं कसं निभावतात? आर. के. लक्ष्मण यांनी तर एकाच दैनिकात पन्नासहून अधिक वर्षं काढली.

दिवसाचं वेळापत्रक, चित्राचा आकार आणि फाइल, ओळ लिहिण्याची पद्धत, आणि हक्क-करार-कायदा यांतलं ज्यांना जे नेमकं माहीत असेल ते कृपया सविस्तर लिहा. प्रेरणादायी काही नको, कामाचं हवं आहे.

तिसरा_कॉलम

तुमच्या सहा तासांची वाटणी उलटी आहे. रोजच्या कामात वेळ खातो तो विषय आणि कल्पना. कल्पना पक्की झाली की पॉकेट कार्टून (एका कॉलमाचं छोटं चित्र) तास-सव्वा तासात कागदावर यायला हवं, दोन-तीन कॉलमी मोठं चित्र अडीच-तीन तासांत. रेखाटनाला पाच तास लागत असतील तर बहुतेक वेळा कल्पना अर्धवट असताना हात चालू केलेला असतो, आणि उरलेला विचार शेडिंग करता करता चाललेला असतो.

लक्ष्मण यांचं नाव घेतलंत म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ. जन्म १९२१, म्हैसूर. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्यांना प्रवेश नाकारला गेला. मग म्हैसूरला पदवी, मोठे भाऊ आर. के. नारायण यांच्या कथांना 'द हिंदू'मध्ये चित्रं, 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकात व्यंगचित्रं, मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल' (तिथे बाळ ठाकरे सहकारी) आणि १९४७ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'. पॉकेट कार्टून १९५१ मध्ये सुरू झालं. त्यातला कॉमन मॅन एका बैठकीत सुचलेला नाही. सुरुवातीला ते गर्दी काढत: बंगाली, तमिळ, पंजाबी, महाराष्ट्रीय, प्रत्येक प्रांताचा एकेक माणूस. रोजच्या घाईत एवढी माणसं काढणं परवडेना, म्हणून एकेक करून ती कमी होत गेली आणि शेवटी चौकड्यांचा कोट, धोतर, जाड भिवया आणि झुपकेदार मिशांचा एकच माणूस उरला. तो बोलत नाही. त्यामुळे त्याला संवादाचा फुगा लागत नाही, जागा वाचते आणि बोलायचं काम समोरच्या सत्ताधाऱ्याकडे राहतं. एका कॉलमात बसणारं, रोज निभावणारं पात्र वेळेच्या ताणातून घडलं. तुम्हीही साधेपणा शैलीसाठी म्हणून आणू नका, घड्याळासाठी आणा. शैली मागून येते.

आता दिवस. प्रत्येक दैनिकाच्या वेळा वेगळ्या असतात, पण घडी साधारण अशी असते. सकाळी सात ते नऊ वाचन: दोन मराठी, एक इंग्रजी, एक हिंदी आणि एक जिल्ह्याचं पत्र. जिल्ह्याचं पत्र सोडू नका. मुंबईत घेतलेल्या निर्णयाचा गावात काय परिणाम झाला हे तिथेच छापलेलं असतं आणि चांगल्या व्यंगचित्राचा कच्चा माल तोच. वाचताना तीन विषय टिपायचे आणि प्रत्येकासमोर एकच वाक्य लिहायचं: यात विसंगती नेमकी कुठे आहे? "महागाई वाढली" ही विसंगती नव्हे. "भाव पडल्याचा आनंद साजरा करणारा मंत्री आणि भाव पडल्यामुळे पीक रस्त्यावर ओतणारा शेतकरी एकाच पानावर" ही विसंगती. वाक्य लिहिता येत नसेल तर त्या विषयावर त्या दिवशी चित्र निघणार नाही, पुढे चला.

अकरा-साडेअकराला संपादकीय बैठक असते. तिथे अग्रलेखाचा विषय कळतो. व्यंगचित्र अग्रलेखाला पूरक असावं की स्वतंत्र, हे त्या दैनिकाच्या रिवाजावर असतं. पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. दुपारी दोनपर्यंत चार-पाच कच्ची स्केचेस, पोस्टकार्डाएवढी, तपशील न भरता. पहिली सुचलेली कल्पना बाजूला ठेवायची. ती वाईट असते असं नाही, पण जी पाच मिनिटांत सुचली ती आणखी दहा जणांना सुचलेली असते, आणि आता तर सकाळी नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरूनही गेलेली असते. खुर्ची, सर्कस, बुडती बोट, कोलांटउडी, गाजर, संगीत खुर्ची या सगळ्या झिजलेल्या प्रतिमा आहेत. त्या वापरायच्याच तर त्यांच्यात एक अनपेक्षित वळण हवं.

तीनच्या सुमारास दोन किंवा तीन स्केचेस संपादकांना दाखवा, एकच नको. एकच दाखवलं आणि नाकारलं गेलं की तुमची दुपार संपली. नाकारलं तर कारण विचारा: कळलं नाही, कायद्याची भीती, की अभिरुचीचा प्रश्न? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कळलं नसेल तर भांडू नका, कारण वाचकालाही कळणार नाही. कायद्याची शंका असेल तर बातमीचं कात्रण समोर ठेवा.

अग्रलेखाचं पान बहुधा संध्याकाळी लवकर छपाईला सुटतं, पहिलं पान रात्री उशिरा. इथेच घोटाळे होतात. पाच वाजता दिलेलं चित्र नऊच्या बातमीने शिळं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे क्रूर होतं. पावसावरचं हलकंफुलकं कार्टून आणि शेजारी दरड कोसळून माणसं गेल्याचा मथळा, हे पानावर एकत्र येऊ शकतं. म्हणून पान सुटण्याआधी एकदा वृत्तसंपादकांकडून पहिल्या पानाचे मथळे ऐकून घ्यायचे. राखीव म्हणून तीन-चार चित्रं कायम तयार असावीत: रस्ते, परीक्षा, सरकारी कार्यालय असे तारीख नसलेले विषय. दर पंधरा दिवसांनी ती बदलायची. राखीव चित्र वापरतानाही मथळ्यांची ही तपासणी करायचीच. निकालाच्या दिवशी दोन्ही शक्यतांची चित्रं आदल्या दिवशी पेन्सिलीत तयार ठेवा, शाई निकालानंतर.

दौत_टाक

छपाईचं मी लिहितो. काळंठिक्कर पडण्यामागे तुमच्या हाताचा दोष नाही, न्यूजप्रिंटचा स्वभाव आहे. तो कागद शाई पितो आणि प्रत्येक ठिपका पसरतो. पडद्यावर ५० टक्के दिसणारा करडा छापून येताना ७५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. ८५ च्या वरचं सगळं काळं, ५ च्या खालचं सगळं पांढरं. म्हणजे तुमच्या हातात खरं तर तीनच करडे आहेत. फाइलमध्ये १५, ३० आणि ५० ठेवा, मधल्या छटांच्या नादी लागू नका.

आकाराचं सांगतो. आठ कॉलमी ब्रॉडशीटमध्ये एक कॉलम साधारण चार सेंटिमीटरचा. पॉकेट कार्टून म्हणजे ४ बाय ६ ते ८ सेंमी. मूळ चित्र दुप्पट काढा, म्हणजे ८ सेंमी रुंद. मोठं चित्र दीडपट पुरे. तिप्पट-चौपट काढण्याचा मोह टाळा, कारण मग तुम्ही तपशील भरत जाता आणि लहान होताना तो सगळा चिकटतो. दुप्पट काढताना मुख्य रेषा ०.६ ते ०.८ मिमी, बारीक रेषा ०.४ पेक्षा कमी नको. निम्मं झाल्यावर ती ०.२ राहते. छापताना ०.१ च्या खालची रेषा तुटक येते किंवा येतच नाही. हॅचिंगचा (समांतर रेषांनी छटा देण्याचा) नियम असा की दोन रेषांमधली मोकळी जागा रेषेच्या जाडीच्या किमान दुप्पट. तुमचं शेडिंग काळं पडतं ते बहुतेक इथेच. क्रॉसहॅचिंग (आडव्या-उभ्या रेषांची जाळी) दोन थरांवर थांबवा, तिसरा थर म्हणजे सरळ काळा डाग. तो डागच हवा असेल तर ब्रशने भरा, जास्त सुंदर दिसतो. लक्ष्मण यांच्या चित्रांमधले काळे कोट, मोटारी, खुर्च्यांच्या पाठी पाहा. ब्रशचे ठोस काळे आकार आणि शेजारी भरपूर पांढरी जागा, यानेच ती मळक्या कागदावरही उठून दिसतात. ब्रिटनमध्ये व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांनी ब्रशची ही पद्धत गाजवली आणि लक्ष्मण, ठाकरे दोघांवर तिचा प्रभाव होता.

साहित्य महाग लागत नाही. जाडसर गुळगुळीत आयव्हरी कार्ड (कार्ट्रिज कागदावर शाई फुटते), वॉटरप्रूफ काळी शाई, जी निब किंवा लवचीक टाक, आणि तीन नंबरचा सेबल ब्रश. पैसे घालायचेच तर ब्रशमध्ये घाला. वॉटरप्रूफ शाईत लाखेचा अंश असतो, निबवर सुकली की निघत नाही. दर दहा मिनिटांनी निब ओल्या फडक्याने पुसा आणि ब्रश काम संपताच साबणाने धुवा. पावसाळ्यात काळे भरलेले भाग वाळायला वीसेक मिनिटं लागतात, त्याआधी खोडरबर फिरवलात तर चित्र गेलं.

स्कॅन ६०० डीपीआय ग्रेस्केलवर (करड्या छटांसह). सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्सने (उजेड-काळोख कमीजास्त करण्याच्या सोयीने) कागदाचा पांढरा पूर्ण पांढरा करा, नाहीतर चित्रामागे मळकट चौकोन छापून येतो. ही नवशिक्यांची हमखास चूक. निव्वळ रेषाचित्र असेल तर १२०० वर बिटमॅप (फक्त काळा-पांढरा) करून टिफ फाइल द्या. करडी छटा असेल तर ३०० वर ग्रेस्केल. जेपेग देऊ नका, रेषेच्या कडेला कचरा येतो.

रंगीत पानासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आरजीबीतला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) नेला की तो चारही शाईंचा होतो. मशीनवर रजिस्ट्रेशन (चारही रंगांचे ठसे नेमके एकावर एक बसणं) केसभर हललं तरी प्रत्येक रेषेला लाल-निळी सावली लागते आणि अक्षरं वाचता येत नाहीत. रेषा आणि अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के के (काळी शाई), आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगावरच छापलेल्या. रंग खालच्या थरात. कोणत्याही जागी चारही शाईंची बेरीज २४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कागद ओला राहून मागच्या पानावर उमटतो.

शेवटी देवनागरीचं. हाताने अक्षरं काढणार असाल तर छापील उंची किमान अडीच मिमी ठेवा. रोमनपेक्षा इथे जास्त जागा लागते, कारण वर मात्रा-वेलांटी-रफार आणि खाली उकार. 'र्की', 'ष्ट्रू' असली अक्षरं लहान झाली की गोळा होतात. शिरोरेषा इतर रेषांपेक्षा बारीक ठेवली की ओळ मोकळी वाटते. टाइप करून घालत असाल तर पाठवण्याआधी अक्षरांचे आउटलाइन्स करा, म्हणजे मजकुराचं चित्रात रूपांतर करा. अजूनही अनेक ठिकाणी पानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर लागतात. तुमचा मजकूर तिथे उघडला की रफार उडतो, जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. आणि ते दुरुस्त करायला रात्री साडेदहाला कोणालाही सवड नसते.

तपासायचं कसं? साध्या लेझर प्रिंटरवर छापील आकारात प्रिंट काढा, त्याची झेरॉक्स काढा आणि हात लांब करून बघा. झेरॉक्समध्ये जे टिकलं ते न्यूजप्रिंटवर टिकतं. मोबाइलच्या पडद्यावरही चित्र असंच लहान दिसतं, त्यामुळे तीही परीक्षा यातच होते.

बिनओळी

ओळीचा प्रश्न विचारलात, पण मुळात ओळ लागते हेच मला पटत नाही. शि. द. फडणीस यांची 'मोहिनी'च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठवा. एक शब्द नाही, आणि मराठी येत नसलेल्या माणसालाही कळतात. चित्राने बोलायचं ते ओळ बोलते तेव्हा चित्रकार हरलेला असतो. आधी बिनओळीचं जमवा असं मी म्हणेन.

तिसरा_कॉलम

बिनओळी, फडणीसांबद्दल पूर्ण सहमत, पण तुलना दोन वेगळ्या प्रकारांची होते आहे. फडणीसांच्या चित्राचा संदर्भ चित्रातच असतो: माणूस, छत्री, चप्पल, मांजर. राजकीय चित्राचा संदर्भ बाहेर, कालच्या बातमीत असतो आणि तो वाचकाच्या डोक्यात जागा करावा लागतो. लक्ष्मण यांची पॉकेट कार्टून्स ओळ झाकून बघा. बहुतेकांत मंत्री, फाइल आणि खोली एवढंच उरतं. तिथे चित्र रंगमंच आहे आणि ओळ संवाद. उलट व्यंगचित्रकार आबू अब्राहम यांचं आणीबाणीतलं, १० डिसेंबर १९७५ चं 'इंडियन एक्स्प्रेस'मधलं चित्र घ्या. राष्ट्रपती बाथटबमध्ये, दाराच्या फटीतून हात बाहेर काढून अध्यादेशावर सही करून कागद परत देताहेत. ते ओळीशिवायही उभं राहतं. पण "अजून अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा" या अर्थाची ओळ आली की अध्यादेशांची रांगच डोळ्यांपुढे येते. ओळ चित्रात नसलेली माहिती देते आहे, हे महत्त्वाचं. चित्रात दिसतं तेच ओळ सांगत असेल तर ती काढा.

रेघोटी, लिहिण्याची पद्धत अशी. ओळ बारा ते पंधरा शब्दांची, एकाच माणसाच्या तोंडची. दोघांचा संवाद पॉकेटमध्ये घालू नका. कलाटणी देणारा शब्द अगदी शेवटी यायला हवा. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे कलाटणी क्रियापदात नसेल तर शेवट मवाळ पडतो. "चौकशी समिती नेमायला हवी होती असं समितीलाच वाटतं आहे" यात कलाटणी मधे अडकली. "असं वाटतं आहे, साहेब, खुद्द समितीला" असं फिरवलं की शेवट टोकदार होतो. शब्दक्रम फिरवायची मोकळीक आपल्या भाषेत आहे, ती वापरा. बोलणारा कोण हेही ओळीतून कळलं पाहिजे. मंत्रालयातला कक्ष अधिकारी "सादर", "तपासून", "नियमानुसार" असं बोलेल. बोलीभाषा वापराल तर ती ज्या भागातली आहे तिथल्या माणसाकडून तपासून घ्या, आणि बोलीचीच टवाळी होत असेल तर वापरू नका.

अर्कचित्रं_फक्त

अर्कचित्रावर (माणसाच्या चेहऱ्याच्या अतिशयोक्त चित्रावर) कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. नाक-कान मोठे करण्याआधी डोक्याचा बाह्य आकार आणि डोळे-नाक-तोंड यांमधली अंतरं पकडा. ओळख त्यातच असते. एका नेत्याचे किमान दहा फोटो जमवा: समोरून, तीन-चतुर्थांश, बाजूने, पाठमोरा, चालताना, हसताना. एकाच फोटोवरून काढलेलं अर्कचित्र दुसऱ्या कोनात काढता येत नाही, आणि दैनिकात रोज वेगळा कोन लागतो. लक्ष्मण यांनी नेहरूंना टोपीविना, टक्कल दाखवून काढलं. टोपी काढूनही माणूस ओळखता आला, म्हणजे आकार पकडला होता. टोपी, चष्मा, उपरणं यांवर ओळख टांगली असेल तर ते अर्कचित्र कच्चं.

नवीन मंत्रिमंडळ आलं की पहिल्या दोन दिवसांत महत्त्वाच्या दहा-बारा चेहऱ्यांचं एक पान तयार करून ठेवा, ऐन वेळी जमत नाही. आणि अपंगत्व, कातडीचा रंग, जातीची किंवा धर्माची खूण यांवर अतिशयोक्ती बांधायची नाही. सत्तेतल्या माणसाची कृती हा विषय आहे, त्याचं शरीर नव्हे.

करारनामा

हक्क आणि कायदा. हे नोकरी लागण्याआधी वाचून ठेवायचं असतं, पण बहुतेक चित्रकार भांडण झाल्यावर वाचतात.

श्रमिक पत्रकारांच्या १९५५ च्या कायद्यात पत्रकाराच्या व्याख्येत संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक यांच्यासोबत व्यंगचित्रकाराचं नाव स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे पगारी व्यंगचित्रकार हा सजावट विभागातला कारागीर नाही, पत्रकार आहे. नेमणूकपत्रावर पद काय लिहिलं आहे ते पाहा. "ग्राफिक आर्टिस्ट" लिहिलं असेल तर तिथेच बदलून घ्या.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७(अ). दैनिकाच्या नोकरीत, त्यात छापण्यासाठी काढलेल्या चित्राचा हक्क मालकाकडे जातो, पण फक्त नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता. पुस्तक, प्रदर्शन, टी-शर्ट, मूळ चित्राच्या प्रती हे बाकीचे हक्क चित्रकाराकडेच राहतात. मात्र "वेगळा करार नसेल तर" ही अट आहे आणि हल्लीच्या करारांत हे सगळे हक्क लिहून घेणारं कलम सहसा असतं. ते कलम शोधा आणि निदान पुस्तक आणि प्रदर्शनाचा हक्क स्वतःकडे मागा.

बाहेरून काम करत असाल तर हक्क लेखी करारानेच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं कायदा धरतो. एक सापळा: पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, पैसे देणारा असतो. मागणीवरून अर्कचित्रं काढून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. साध्या ईमेलमध्ये "एकदा छापण्याची परवानगी, मूळ चित्र आणि बाकी हक्क चित्रकाराकडे" एवढं वाक्य लिहून समोरच्याचा होकार घेतला तरी पुढे निदान पुरावा हातात राहतो. बिलावरही तेच लिहा.

फौजदारी बाजू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. व्यंगचित्रकाराने माहीत ठेवायची कलमं म्हणजे ३५६ (बदनामी), १९६ (गटांमध्ये वैर), २९९ (धार्मिक भावना) आणि १५२ (देशाचं सार्वभौमत्व-एकता धोक्यात आणणं). शिवाय राष्ट्रध्वज आणि संविधानाच्या अवमानाबद्दलचा १९७१ चा कायदा आणि राजमुद्रेच्या वापराबद्दलचा २००५ चा कायदा. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली ती राष्ट्रीय चिन्हं वापरलेल्या व्यंगचित्रांवरून. त्याच प्रकरणातून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हिंसेची चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीका, चित्रातली असली तरी, राजद्रोह ठरत नाही. १९८७ मध्ये तमिळ 'आनंद विकटन'च्या संपादकांना विधानसभेने मुखपृष्ठावरच्या एका व्यंगचित्रासाठी तुरुंगात धाडलं होतं, तेव्हा विधिमंडळाचा हक्कभंग हाही धोका धरून चाला.

यावर उपाय एक सवय आहे. प्रत्येक चित्रासोबत ज्या बातमीवर ते आधारलं तिचं कात्रण, तारीख आणि संपादकांनी मंजूर केलेलं स्केच जपून ठेवा. मत कितीही तिखट चालतं, पण चित्राने एखादी न छापलेली वस्तुस्थिती सूचित केली, उदाहरणार्थ टेबलाखालून पाकीट, तर ते मत राहत नाही, आरोप होतो. पाकिटाची बातमी नसेल तर पाकीट काढू नका.

आणखी एक, कायद्यापलीकडचं. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र: राज्यघटनेची गोगलगाय, तिच्यावर डॉ. आंबेडकर, मागे नेहरू, दोघांच्या हाती चाबूक. घटना तयार होण्यातल्या दिरंगाईवर ते होतं. २०१२ मध्ये ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात असल्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि काढलं गेलं. आंबेडकरांच्या मागे उगारलेला चाबूक अनेकांना दिरंगाईवरची टीका म्हणून दिसलाच नाही, आणि त्यांच्या या दिसण्याला या देशात भक्कम कारण आहे. चाबूक, चप्पल, झाडू, दोर ही अवजारं आपल्याकडे नुसती अवजारं नाहीत. ती चित्रात आणण्याआधी दोनदा विचार करा.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप मिळालं. एक चित्र दाखवायचं होतं, इथे शब्दांत सांगते. विषय: वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा. मंत्री मोठी कात्री घेऊन उभे, कात्रीवर "धोरण" लिहिलंय, समोर शाळेची इमारत, तिच्यावर "ग्रामीण शिक्षण", खाली रडणारी मुलगी, तिच्या फ्रॉकवर "गरीब विद्यार्थिनी". ओळ: "आता शाळेलाच कात्री!" कुठे चुकतंय?

तिसरा_कॉलम

लेबलं मोजा: तीन. ज्या चित्राला तीन लेबलं लागतात त्यात वस्तू स्वतः काही सांगत नाहीत. कात्री ही तयार प्रतिमा आहे आणि ओळ ती पुन्हा बोलून दाखवते. मुलीचं रडणं ही तुम्ही वाचकाला केलेली सूचना आहे. वाचकाला काय वाटावं ते सांगू नका.

आता मघाशी म्हटलं ते वाक्य लिहा: विसंगती कुठे आहे? धोरण आकडा मोजतं, शाळा मुलं मोजते. म्हणजे चित्र आकड्याचं हवं. मंत्री काढून टाका. वर्गात या. एक गुरुजी, सतरंजीवर मुलं, दारात तपासणी अधिकारी वही घेऊन. फळ्यावर "पट: २०". मुलं एकोणीस आणि विसावी, शेवटच्या रांगेत, दप्तर अडकवून शहाण्यासारखी बसलेली शेळी. गुरुजींची ओळ: "हजर आहेत साहेब, सगळे." कात्री नाही, रडणं नाही, लेबल एकच आणि तेही फळ्यावरचं, वर्गात असायलाच हवं असं. हसू शेळीवर येतं, आणि मागून लक्षात येतं की शाळा वाचवायला गुरुजींना काय करावं लागतंय.

बिनओळी

हे तर ओळीशिवायही चालेल. फळा आणि शेळी पुरे.

तिसरा_कॉलम

मोठ्या आकारात चालेल, तिथे शेळीला जागा मिळते. चार सेंटिमीटरच्या कॉलमात शेळी तीन-चार मिमीची होईल आणि ओळ नसेल तर नजर तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पॉकेटसाठी मुलं सहा-सातच काढा, बाकी चौकटीबाहेर कापा, शेळी पुढच्या कोपऱ्यात आणा आणि ओळ ठेवा.

दौत_टाक

शेळी काळी करा, ब्रशने भरलेली, आणि तिच्याभोवतीची मुलं नुसत्या रेषेत. वर्गाच्या भिंतीला शेडिंग नको. गुरुजींच्या सदऱ्यालाही नको. एक काळा आकार, त्यावर नजर जाते. फळा मात्र काळा भरू नका, नाहीतर दोन काळे आकार भांडतील; फळ्याची चौकट काढून आत काळ्या अक्षरात "पट: २०", छापील उंची तीन मिमी.

अर्कचित्रं_फक्त

आणि शेळीला टोपी घालायचा मोह होईल, शाळेतली जुनी पांढरी टोपी. घालू नका. एकेकाळी ती गणवेशातली होती, आता वाचक ती पक्षाची समजतो आणि चित्र भलत्याच नेत्यावर जाईल. दप्तर पुरे, एका खांद्यावर, पट्टा थोडा लांब.